सात घरांच्या टाकीचा खून

१

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कफ्र अल-सफ्साफ गावात आग चोरीला गेली. कुणाचं घर जळालं नाही, गंजी पेटली नाही. नुसती आग गेली. निळी, बिनधुराची, सात घरांच्या मालकीची आग, आणि तीही कुलूप न तोडता. मन्सूरा शहराच्या बाजारात ही हकिकत सांगितली तर चहावाला सांगणाऱ्याच्या पेल्यात साखर जास्त घालतो, बिचाऱ्याचं डोकं ताळ्यावर यावं म्हणून. पण नफूसा खालाच्या गळ्याची शपथ, अक्षर न् अक्षर खरं आहे. आता नफूसा खालाच्या गळ्याच्या शपथेला किती किंमत, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल, तो भाग वेगळा.

नफूसा गावची म्हातारी सुईण, सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मली होती, आणि उरलेली निम्मीही आपल्याच हातावर जन्मली असं ती सांगायची. आपल्या गाढवाला वर्तमानपत्र वाचता यायचं, पण चष्मा मिळेना म्हणून ते बिचारं ओझ्याला लागलं, हेही तीच सांगायची. लोक पोट धरून हसायचे आणि पोटात दुखलं की तिच्याकडेच यायचे.

तर त्या मंगळवारी सकाळी इन्साफनं सार्वजनिक भट्टीच्या गॅसची चावी फिरवली आणि काडी ओढली. काडी बोटापर्यंत जळत आली. दुसरी ओढली, तिसरी ओढली. परातीतलं पीठ फुगून काठावर आलेलं, सहा बायका फळ्यांवर रोट्या थापून रांगेत उभ्या, आणि भट्टी थंडगार.

ही भट्टी चालायची गोबरगॅसवर. सात घरांनी मिळून जमिनीत विटांचा घुमट बांधला होता, तीच टाकी. एका बाजूच्या तोंडातून शेण आणि कुटलेला भाताचा पेंढा आत जायचा, दुसऱ्या बाजूनं काळी पातळ रबडी खत म्हणून शेतात जायची, आणि वरून एक नळी थेट भट्टीत. त्याआधी भात निघाला की सगळा पेंढा शेतातच पेटवून द्यायचे. आठवडाभर माणसं खोकायची आणि वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवायला लागायचे. गेली चार वर्षं त्या सात घरांच्या बाजूला ऑक्टोबरातही आभाळ दिसत होतं.

टाकी सांभाळायचा अत्वा. गाव त्याला अम्म अत्वा म्हणायचं, म्हणजे अत्वाकाका. बायको गेलेली, मूलबाळ नाही. टाकीला लागून असलेल्या एका खोलीत तो राहायचा, पेंढा कुटायचा, शेण कालवायचा, आणि संध्याकाळी घुमटाला पाठ टेकून बसायचा. लोक म्हणायचे, बायकोशी कधी बोलला नाही इतका हा टाकीशी बोलतो.

दुपारपर्यंत बोभाटा झाला. नळी धड होती, चावी धड होती, टाकीवर नळी निघते तिथल्या झडपेचं कुलूप धड होतं. किल्ली कुणाकडे? अत्वाकडे. तेवढ्यात सिलिंडरवाला हग्ग दुसूकी, म्हणजे हाजी दुसूकी, पुढे झाला. अत्वाच्या खोलीत ट्रॅक्टरची भली मोठी ट्यूब टम्म फुगवून ठेवलेली आपण डोळ्यांनी पाहिली, म्हणाला. शेजारच्या गावात लोक असल्या ट्यूबांत गॅस भरून विकतात. आणखी काय सांगायचं?

उम्दा, म्हणजे गावचा मुखिया, भांडणाला भिणारा माणूस. त्यानं हात वर केले आणि जाहीर केलं की शुक्रवारी नमाजानंतर दव्वारमध्ये बसू, गावच्या त्या मोठ्या बैठकीत. तोवर अत्वानं आपण निर्दोष असल्याचं दाखवावं. नाहीतर किल्ली ठेवावी, बिछाना गुंडाळावा आणि भाच्याकडे वीटभट्टीवर जावं.

अत्वा सरळ नफूसाच्या दारात जाऊन बसला.

२

"तू पायाळू," नफूसा म्हणाली. "जन्मताना पाय आधी बाहेर काढलेस. तेव्हापासून तुझं सगळं उलटंच चाललंय. गॅस विकलास?"

"नाही, खाला."

"विकला असतास तर निदान एक धड चप्पल घेतली असतीस. चल."

काठी टेकत ती टाकीवर आली. आधी खोलीत जाऊन तिनं ती कुप्रसिद्ध ट्यूब पाहिली. अत्वाला पोहता येत नव्हतं. कालव्यात मासे धरताना तो ट्यूबमध्ये बसायचा, आणि हे सांगताना एवढा लाजला की चोरी कबूल करणं त्याला सोपं गेलं असतं. नफूसानं मेणबत्ती पेटवून ट्यूबचं तोंड तिच्यासमोर मोकळं केलं. भस्सकन हवा आली आणि मेणबत्ती विझली. गॅस असता तर नफूसाच्या भुवया गेल्या असत्या.

मग अत्वाला नळीत जोरात फुंकायला लावून साबणाचं पाणी नळीच्या प्रत्येक सांध्याला फासलं. कुठेही फुगा आला नाही. म्हणजे गळती नाही. आतला गॅस मोजायची काचेची नळी भट्टीपाशी होती. तिच्यातलं रंगीत पाणी दोन्ही बाजूंना सारखं, म्हणजे घुमटात फुंकर मारण्याएवढाही जोर नाही.

तिनं इन्साफला बोलावलं. इन्साफ भट्टीवरची जुनी बाई, तिचे हात कोपरापर्यंत पिठाचे. नफूसानं तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली: आग नेमकी कधी गेली? इन्साफ आधी म्हणाली, आज सकाळी. मग आठवून म्हणाली की गेल्या गुरुवारीच रोट्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला होता, तिला वाटलं पीठ सैल झालं. शनिवारी आच मंदावली, तिला वाटलं वारा आहे. सोमवारी काडी लावल्यावर ज्योत उठली, पण आजारी माणूस हाकेला ओ देतो तशी.

"चोर असा येतो का गं?" नफूसा म्हणाली. "रोज चमचाभर नेतो, आणि पाच दिवसांनी पातेलं रिकामं?"

नफूसा टाकीच्या तोंडापाशी गुडघ्यावर बसली, झाकण सरकवलं आणि वाकून वास घेतला. अत्वानं तोंड फिरवलं. टाकी सांभाळणाऱ्यालाही तिथला वास कोणी असा चवीनं घेतलेला पाहवत नाही. पण नफूसानं एकदा घेतला, दोनदा घेतला, आणि तिसऱ्यांदा घेतल्यावर तिच्या कपाळाला आठी पडली. हा वास तिनं आयुष्यभर आपल्या खांद्यावर वागवला होता. शेणाचा नव्हे. हा आंबट वास दूध उलटून टाकणाऱ्या तान्ह्या बाळाचा.

ती उठली आणि हात झटकले.

"आग कोणी नेली नाही, अत्वा. तुझ्या टाकीला कोणीतरी काहीतरी चारलंय. आणि त्यानं ती मेलीय."

३

चारणारा कोण? ज्याला टाकी डोळ्यांत खुपते तो. गावात असे दोघे होते, आणि नफूसा बुधवारी सकाळी पहिल्याच्या अंगणात जाऊन बसली.

हग्ग दुसूकी गाढवाच्या गाडीवर सिलिंडर घेऊन फिरायचा आणि पान्यानं सिलिंडर बडवत यायचा, ठण् ठण् ठण्, की बायका रिकामे सिलिंडर घेऊन बाहेर येत. टाकी झाल्यापासून त्या सात घरांसमोरून जाताना तो पाना मांडीवर ठेवायचा. चार वर्षांचा तो अपमान त्याच्या चेहऱ्यावर होता.

नफूसानं त्याला आधी तो जन्मला तेव्हाची गोष्ट सांगितली. नऊ पौंडांचा, टकला, आणि बाहेर आल्या आल्या सुईणीकडे संशयानं पाहणारा. मग विचारलं, "मंगळवारी सकाळी तू सात घरांसमोर पाना बडवलास. गावाला कळायच्या आधी. तुला कोणी सांगितलं, गॅस गेला म्हणून?"

दुसूकीचा हात पेल्यावर थांबला. नफूसाला वाटलं, सापडला. पण तो हसला, आणि ते हसणं खरं होतं.

"खाला, माझं वय झालं, डोळ्यांचं नाही झालं. इन्साफनं भट्टीत मक्याची ताटं कोंबली, आणि धुराड्यातून धूर निघाला. मी कालव्याच्या पुलावर होतो. चार वर्षांत त्या धुराड्यातून धूर आला नव्हता. मला काय आकाशवाणी हवी होती?"

यात खोट काढायला जागा नव्हती. वर दुसूकी हेही म्हणाला की त्या सात घरांतल्या एका घरात त्याची स्वतःची अर्धी म्हैस आहे, विधवा दौलतकडे. तिचा नवरा गेला तेव्हा पैसे त्यानं घातले, राबणूक तिची, दूध तिचं, होणारं रेडकू दोघांचं. त्या म्हशीचं शेण टाकीत जातं. मग आपल्याच म्हशीचं शेण जिथं जातं तिथं आपण विष कशाला घालू? नफूसाला हा युक्तिवाद फारसा पटला नाही, पण माणूस खरं बोलत होता.

दुसरा मुतवल्ली नावाचा माणूस. पेंढ्याच्या गासड्या दाबायचं यंत्र त्याच्याकडे. गासड्या विकून त्याचं बरं चाललं होतं, पण सात घरांचा पेंढा टाकीत जाऊ लागला तसं यंत्र दुपारनंतर बसून राहायचं. गेल्याच पंधरवड्यात पेंढा कमी पडला म्हणून अत्वानं त्याच्याकडूनच दोन गाड्या घेतल्या होत्या. गावात कुजबुज होती की तो पेंढा औषध फवारलेल्या शेतातला.

नफूसानं त्याला तसं तोंडावर विचारलं. मुतवल्ली भडकला. माझ्या पेंढ्यात विष? हा पेंढा मी स्वतः खाईन, म्हणाला.

"खा," नफूसा म्हणाली.

आजूबाजूला चार माणसं जमलेली. मुतवल्लीनं इकडेतिकडे पाहिलं, त्याच गाडीतल्या उरलेल्या गासडीतून मूठभर पेंढा ओढला आणि खरोखर चावायला लागला. नफूसानं त्याला पुरता गिळू दिला. त्याची म्हैसही त्याच गासडीवर पंधरा दिवस पोसली जात होती आणि मालकाहून चांगल्या तब्येतीत होती. म्हणजे पेंढा निर्दोष.

दोन संशयित होते, दोघेही गेले. जमावातून कोणीतरी म्हणालं, मग राहिला अत्वा. आणि शुक्रवार परवावर येऊन ठेपला होता.

४

नफूसा पुन्हा टाकीवर गेली तेव्हा अत्वा बिछाना दोरीनं बांधून पाहत होता, एका खांद्यावर मावतो का. तिनं काठीनं तो बिछाना सोडवला आणि त्याला समोर बसवलं. गेल्या आठ-दहा दिवसांत टाकीपाशी काहीही वेगळं, कितीही क्षुल्लक, घडलं असेल ते सांग, म्हणाली.

अत्वा सगळं नेहमीचंच सांगू लागला. रोज पहाटे तो मशिदीत जातो. तेवढ्यात सात घरांच्या बायका येऊन आपापली शेणाची पाटी तोंडातून आत टाकतात. नियमच तो: पाटी आली नाही तर भट्टीवरचा नंबर गेला. तो परत येऊन कालवतो. नवीन काही नाही. हां, मांजरांनी मात्र वैताग आणलाय.

"कसली मांजरं?"

"गावातली, खाला. पहाटे परत येतो तर चार-पाच टाकीच्या तोंडाशी बसलेली. काठ चाटत असतात. हाकलली तरी येतात. गेल्या आठवड्यापासून."

"शेणाला मांजर येतं का रे?"

चार वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

मग नफूसानं त्याला टाकीच्या तोंडाच्या काठावरची विटेची कड खरवडायला सांगितली. शेणाच्या काळ्या थराखाली पिवळट, तुपकट पापुद्रा निघाला. तिनं तो बोटांत चोळून हुंगला. दूध. कोणीतरी रोज पहाटे टाकीत दूध ओतत होतं, आणि थोडंथोडकं नाही.

इथं कोणालाही चक्कर यावी. कफ्र अल-सफ्साफमध्ये रोटीचा तुकडा वाटेत दिसला तर माणूस वाकतो, उचलतो, ओठांना लावतो आणि कोणाच्या पायाखाली येणार नाही अशा भिंतीच्या फटीत ठेवतो. अन्न म्हणजे ‘नेमा’, देवाचं देणं. त्या गावात दूध फेकणारी बाई सापडणं म्हणजे मशिदीत ढोल वाजवणारा सापडण्यासारखं.

बुधवारी उरलेला दिवस नफूसा सातही घरांतून फिरली. निमित्त काय, तर पायाला लावायला थोडी साय हवी. पहिल्या घरी चीज बांधून टांगलेलं. दुसऱ्या घरी दूध सकाळीच चीजवाल्याला गेलेलं, पावतीसकट. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्या घरी कुठे दही, कुठे लोणी, आणि दूध कमी पडतं ही तक्रार सगळीकडे. सहा घरांत एक थेंब वाया जात नव्हता.

सातवं घर दौलतचं. तिनं दारातूनच सांगितलं, खाला, साय कुठून देऊ, म्हैस आटली.

नफूसानं बोटं मोजली आणि स्वतःशीच हसली. सात घरांपैकी दूध फेकणारं घर एकच उरत होतं, आणि त्या घरात दूधच नव्हतं.

५

दौलत तिशीची, सडपातळ, बोलायला मोजकी. नफूसानं तिला दारातून हलू दिलं नाही; चहा तरी देशील की नाही, म्हणत आत शिरली आणि चटईवर ठाण मांडलं. बाजूच्या गोठ्यात वर्दा म्हैस बसलेली होती, डोळे अर्धे मिटलेले, पाठीवर गोणपाट. कोपऱ्यात ओल्या फडक्यानं झाकलेली चरवी.

चहा काळा आला. नफूसा म्हणाली, दुधाचा एक थेंब. दौलतनं पुन्हा तेच सांगितलं, आणि अंगणातून पुदिना आणायला गेली. ती पाठमोरी होताच नफूसानं फडकं सरकवलं, आपली काजळाची रिकामी बाटली चरवीत बुडवली आणि कमरेला खोचली. मग काळा चहा पुदिन्यासकट निमूट प्यायली.

घरी येऊन तिनं दोन वाट्या मांडल्या. एकीत शेजारणीचं दूध, दुसरीत दौलतचं. दोन्ही सारखं कोमट केलं, दोन्हींत एकाच दह्याचं विरजण लावलं, दोन्ही एकाच घोंगडीत गुंडाळल्या. गुरुवारी सकाळी उघडून पाहिलं. शेजारणीच्या वाटीत कापता येईल असं दही. दौलतच्या वाटीत पाण्यासारखं पातळ दूध, जसंच्या तसं.

नफूसा वाटी घेऊन तशीच दौलतकडे गेली आणि ती तिच्यासमोर ठेवली.

"वर्दाला इंजेक्शनं किती दिवस चाललीत?"

दौलतनं आधी नाही म्हटलं, मग वाटीकडे पाहिलं, आणि मग खालीच बसली. तिनं सांगितलं ते असं: मागच्या आठवड्यात सोमवारी वर्दाला ताप भरला, छातीत घरघर सुरू झाली, खाणं सुटलं. दुसूकीला सांगितलं असतं तर तो त्याच दुपारी खाटीक घेऊन आला असता. त्यात त्याचाही दोष नाही. म्हैस आपोआप मेली तर ती मुर्दाड, तिचं मांस कोणी खात नाही आणि अर्धा वाटा मातीत जातो. जिवंतपणी सुरी फिरली तरच काही हाती लागतं. पण दौलतच्या घरात वर्दाखेरीज दुसरं चालतंबोलतं कोणी नव्हतं. तिनं लांबच्या गावचा गुरांचा डॉक्टर गुपचूप आणला. त्यानं रोज एक इंजेक्शन सांगितलं आणि बजावलं की औषध चालू आहे तोवर आणि त्यानंतरही काही दिवस हे दूध माणसाच्या पोटात जाऊ द्यायचं नाही.

विकणं शक्य नव्हतं, लोकांची पोरं प्यायली असती. ओतायचं कुठे? अंगणात ओतलं तर पायाखाली येणार. कालव्यात मेलेली गाढवं तरंगतात. नेमा अशी टाकवते का? मग तिला टाकी आठवली. सात घरांचं चांगलं-वाईट सगळं तिच्यात जातं आणि भट्टीतून रोटी होऊन बाहेर येतं. पहाटे शेणाच्या पाटीबरोबर तिनं चरवीही रिकामी केली, रोज, बिस्मिल्ला म्हणून.

"मला वाटलं, रोटीत जाईल," ती म्हणाली. "वाया नाही जाणार."

नफूसानं तिला हळूहळू उलगडून सांगितलं. मागच्या वर्षी आपल्या पायाची जखम चिघळली, डॉक्टरनं अँटिबायोटिक टोचलं. जखम बरी झाली आणि पोट महिनाभर बंद पडलं. औषध आत शिरलं की बारीक जीव मारतं, त्यातला कोण भला कोण बुरा हे विचारत बसत नाही. दही लावणारा जीव त्यानं मरतो. टाकीच्या पोटात पेंढ्याचा गॅस करणारे जीव त्यानंच मेले. वरून चरव्याच्या चरव्या दूध, म्हणजे आंबवणही झालं. आणि वर्दाच्या शेणातही तेच औषध. टाकी दुधानं आंबली, औषधानं मेली. तिच्यावर कोणाचा राग नव्हता. तिला जरा जास्तच जपलं, एवढंच.

दौलतचा चेहरा पांढरा पडला. मंगळवारपासून अत्वाला चोर म्हणतात आणि चोर आपण आहोत, हे तिला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. आपण उद्या दव्वारमध्ये सांगतो, म्हणाली. मग गोठ्यात वर्दा खोकली, आणि दौलतचा शब्द अर्धाच राहिला.

"अजून उठत नाही ती," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतो दोन दिवस काढले तर वाचेल. खाला, उद्या सांगितलं तर संध्याकाळी सुरी."

आता खरं सांगितलं तर म्हैस जाते आणि गप्प बसलं तर अत्वा जातो. नफूसा बराच वेळ काठीनं जमिनीवर रेघा ओढत राहिली. मग तिच्या डोळ्यांत ती जुनी खोडसाळ चमक आली, जिला गाव साठ वर्षं ओळखत होतं.

"तू तोंड उघडू नकोस," ती म्हणाली. "खोटं बोलायचं काम ज्याचं त्यानंच करावं."

६

शुक्रवारी दव्वार भरला. पुरुष बाकांवर, बायका दाराच्या बाजूला चटईवर. अत्वा मधोमध उभा, बांधलेला बिछाना पायाशी. उम्दानं घसा खाकरला आणि म्हणाला, खाला, तुला काय सापडलं ते सांग.

नफूसानं सांगितलं. मागच्या आठवड्यात सोमवारी आपण कालव्यावर पाय धूत होतो तेव्हा पाण्यातून एक हात वर आला, मेंदी लावलेला. कालव्यातली जिन्नी. अडलेली. आपण सुईण, नाही कसं म्हणणार? बाळंतीण सुटली, मुलगा झाला, एवढा मोठा की त्याला गुंडाळायला जहाजाचं शीड लागलं. पण आईला दूध उतरेना. जिन्नांची पोरं आगीवर वाढतात, हे तर कुराण शिकवणाऱ्या शेखलाही माहीत आहे. बिचारीनं पोराला उचललं आणि सात घरांच्या टाकीला लावलं. सात पहाटे तो प्यायला. पिऊन झालं की उलटी करायचा. टाकीच्या तोंडाला आंबट वास येतो तो त्याचा, कोणीही जाऊन हुंगावं. आता आपण जिन्नीची समजूत घातली आहे आणि ती माहेरी समुद्रात गेली आहे. टाकी मेली असली तरी दह्यासारखी परत लागेल: आतला राडा उपसायचा, पलीकडच्या गावच्या चालू टाकीतला दोन पिंपं काला आणून विरजण लावायचं, पंधरा दिवसांत आग परत.

बाकांवर खांदे हलू लागले. मुतवल्लीनं तोंडावर रुमाल धरला. उम्दानं मात्र चेहरा गंभीर ठेवून विचारलं की मुलाचं नाव काय ठेवलं. त्याला यात कोणाला दुखवावं लागत नव्हतं. असा निकाल त्याला वर्षानुवर्षं मिळाला नव्हता. तो म्हणाला, जिन्नांपुढे माणसाचं काय चालतं, अत्वानं किल्ली ठेवून घ्यावी.

हग्ग दुसूकी उठला नाही, ओरडलाही नाही. बसल्या जागेवरून म्हणाला, "म्हणजे अत्वाला वाचवायला खालाला जिन्न आणावा लागला. खरं काही असतं तर खरंच आणलं असतं."

हसणं एकदम थांबलं. लोक अत्वाकडे पाहू लागले, आणि ते पाहणं नफूसाला ओळखता आलं. किल्ली त्याच्याकडे राहणार होती, खोली राहणार होती. पण यापुढे प्रत्येक रोटीबरोबर कोणीतरी डोळा मारून विचारणार होतं, अम्म अत्वा, जिन्नाचं पोर काय म्हणतं? मागच्या बाकावरून एकानं विचारलंही, ट्यूब त्याच्या मापाची होती का. अत्वानं किल्ली हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि ती उम्दासमोरच्या मेजावर परत ठेवली. मग वाकून बिछान्याची दोरी धरली.

नफूसाकडे आणखी दहा खोट्या गोष्टी तयार होत्या आणि त्यातली एकही या माणसाच्या उपयोगाची नव्हती. तरी तिनं तोंड उघडलं: जिन्नीनं अत्वासाठी खास निरोप दिला आहे, तो असा की...

"खाला, हे खोटं आहे."

दाराजवळच्या चटईवरून दौलत उठली होती. आवाज मोठा नव्हता, पण दव्वारमध्ये दुसरा आवाज उरला नव्हता.

"जिन्नी नव्हती, मी होते. म्हैस माझी आजारी होती. औषधाचं दूध मी टाकीत ओतलं, आठ दिवस, वाया जाऊ नये म्हणून. अम्म अत्वांनी चोरलं नाही, सांडलं नाही, त्यांना माहीतही नव्हतं. आणि हग्ग, तुमचा अर्धा वाटा आहे, मी नाही म्हणत नाही. पण आज सकाळी वर्दा उठून चार पायांवर उभी राहिली. त्यातले तुमचे दोन कोणते ते आधी दाखवा, मग खाटकाला बोलवा."